न मागितलेलं गाणं

मिरजेच्या आमच्या घरात रेडिओ एकच होता. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्या मधल्या भिंतीतल्या कोनाड्यात तो अशा बेताने ठेवलेला असे, की आवाज दोन्हीकडे जावा. सांगली केंद्रावर फर्माइशी गाणी लागली की आत्या भाकऱ्या थापता थापता ऐकायची. पंधरा पैशांना पोस्टकार्ड मिळायचं तो काळ. महिन्याकाठी एखादं तरी कार्ड ती मला लिहायला लावायची. गाण्याचे पहिले शब्द, सिनेमातलं असेल तर सिनेमाचं नाव, आणि खाली घरातल्या सगळ्यांची नावं, अगदी पाळण्यातल्या बाळासकट. इतक्या वर्षांत आमची नावं दोनदा वाचली गेली. उरलेला सगळा वेळ आत्या दुसऱ्यांची गाणी ऐकत होती. जतहून कुणी मागितलेलं, शिरोळहून कुणी, निपाणीहून कुणी. आधी नावांची लांबलचक माळ, मग गाणं.

आत्याची स्वतःची आवड अभंगांची. लावणी लागली की ती चेहरा कोरा ठेवायची, पण रेडिओ बंद करायची नाही, कारण पुढचं गाणं आपलं असू शकतं. असं पाच-सात वर्षं चाललं. मग एका दुपारी शेंगा फोडताना ती एक लावणी गुणगुणत होती, ठेक्यासकट, आणि आपण काय गुणगुणतोय हे तिच्या ध्यानातही नव्हतं. ते गाणं तिने कधी मागितलं नव्हतं. कुणीतरी तिकडे लांब एका गावात ते मागितलं, आणि ते हिच्या कानावर पडत राहिलं.

आकाशवाणीच्या मराठी केंद्रांवरच्या त्या कार्यक्रमाचं नाव ‘आपली आवड’. या नावाचा मी अलीकडे फार विचार करतो. ‘माझी आवड’ नाही, ‘आमची’ नाही, ‘तुमची’ही नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ही दोन वेगळी सर्वनामं आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तोही आत येतो. हिंदीत हा भेद नाही, इंग्रजीत नाही. ज्याने कुणी ते नाव ठेवलं, त्याने त्या एका शब्दात कार्यक्रमाची सगळी रीत सांगून टाकली होती. इथे तुम्ही स्वतःचं एक गाणं मागणार आणि त्या बदल्यात अनोळखी माणसांची दहा गाणी ऐकणार.

आज फोनमधलं गाण्याचं अ‍ॅप उघडलं की वर लिहिलेलं असतं, ‘तुमच्यासाठी’. ‘आपली’पासून ‘तुमच्यासाठी’पर्यंत आपण आलो, याला सगळेजण सोय म्हणतात. मला ते एक मोठं नुकसान वाटतं, आणि ते माझ्या एकट्याचं नाही, सगळ्या समाजाचं आहे. कुणाला काय आवडावं ही ज्याची त्याची बाब आहे, यात शंका नाही. पण कुणाच्या कानावर काय पडतं, हे ज्याचं त्याने ठरवलेलं नसतं. ते रेडिओ ठरवतो, देऊळ ठरवतं, दर्गा ठरवतो, शेजारी ठरवतो, बाजार ठरवतो, आता यंत्र ठरवतं. आवड खासगी असली तरी कान घडतो तो चारचौघांत. म्हणून ऐकण्याची व्यवस्था हा सार्वजनिक प्रश्न आहे, पाण्याइतका आणि वाचनालयाइतका.

हे मी मिरजेत वाढलो म्हणून मला सहज दिसतं, असं वाटतं. उस्ताद अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे. ते मिरजेत येऊन राहिले आणि १९३७ मध्ये वारल्यावर इथल्याच ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचं दफन झालं. उरुसात तिथे गवई हजेरी लावायला येतात, खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गातात. तिकीट नाही, पहिली रांग नाही. आवारात बसायचं आणि ऐकायचं. वडिलांच्या ओळखीचे एक हमाल होते, मिरज जंक्शनवर आयुष्यभर ओझी वाहिलेले. त्यांनी सभागृहातली मैफल कधी पाहिली नव्हती. पण लहानपणापासून उरुसाच्या रात्री ते त्या आवारात बसत आलेले. रेडिओवर गाणं लागलं की ते आलापाच्या संथ बढतीवरून सांगायचे, ‘हे किराण्याचं हाय.’ म्हणजे खाँसाहेबांच्या किराणा घराण्याचं. रागाचं नाव त्यांना ठाऊक नसायचं. स्वर लावायची रीत मात्र पक्की ओळखीची. त्याच मिरजेत सतारमेकर गल्लीतून शाळेत जाता-येता कुठल्यातरी माडीवर कुणी जवारी, म्हणजे तारेची गुंज, लावत बसलेलं ऐकू यायचं. तार छेडायची, घोडीवर किंचित घासायचं, पुन्हा छेडायची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला आधी तो आवाज आठवला. शास्त्रीय संगीत हे वरच्या वर्गाचं, त्याला मुळात तयार कान लागतो, असं कुणी म्हणालं की मला ते हमाल आठवतात. त्यांचा कान काही जन्माने तयार नव्हता. गाणं त्यांच्या वाटेवर होतं, एवढंच.

आता कुणी म्हणेल, मग सरकारनेच चांगलं संगीत लोकांच्या वाटेवर ठेवावं. तेही करून झालं आहे, आणि करणारा माणूस मराठी होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्यात जन्मलेले, १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं देशाचे माहिती व नभोवाणी मंत्री. गाण्यावर त्यांचा मनापासून जीव होता. सिनेसंगीत उथळ आहे, पाश्चात्त्य वळणाचं आहे, त्याने लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेगीतं आधी कमी झाली आणि निर्मात्यांशी बिनसल्यावर जवळजवळ नाहीशीच झाली. लोकांनी काय केलं? सुई फिरवली आणि सिलोन लावलं. दुसऱ्या महायुद्धातून उरलेलं जोरकस लघुलहरी प्रक्षेपण कोलंबोत होतंच. १९५२ च्या डिसेंबरात तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरांत पोहोचला. गावोगावी श्रोता संघ निघाले. अभ्रकाच्या खाणींचं झुमरीतलैया हे गाव तर निव्वळ फर्माइशींच्या पत्रांमुळे देशाला माहीत झालं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली आणि दाराबाहेर ठेवलेलं गाणं पुन्हा घरात घेतलं.

केसकरांची ही गोष्ट नेहमी इथपर्यंतच सांगितली जाते. मला ती अर्धी वाटते. त्याच केसकरांच्या काळात शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जिथे गवई कधी पोहोचला नसता अशा वाड्यावस्त्यांवर त्या रात्रीच्या मैफलीमुळे मोठमोठे गळे पोहोचले. आणि त्याच काळात, १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायणा’चं पहिलं गीत प्रसारित झालं. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, आठवड्याला एक नवं गीत, असं वर्षभर. एकूण छप्पन्न गीतं. पुणे केंद्र तेव्हा दोन वर्षांचंही नव्हतं. ‘गीतरामायण’ हवं म्हणून कुणी पोस्टकार्ड पाठवलेलं नव्हतं. नसलेली गोष्ट माणूस मागणार कशी? ती कुणीतरी आधी द्यावी लागते. मग लोक रेडिओपुढे उदबत्ती लावून बसले, असं घरोघरची म्हातारी माणसं सांगतात, आणि माझी आजीही सांगायची.

म्हणून केसकरांचं काय चुकलं, हे नीट बघितलं पाहिजे. राष्ट्रीय कार्यक्रम दिला हे चुकलं नाही, दुसरं काढून घेतलं हे चुकलं. लोकांच्या आवडीत भर घालायचा हक्क सार्वजनिक संस्थेला आहे, ते तिचं कामच आहे. वजाबाकी करायचा हक्क तिला नाही. आणि ही खोड त्यांच्या आधीचीही होती. १९४० मध्ये, इंग्रजांच्या काळात, आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी आली. तिच्या बांधलेल्या स्वरांत आपल्या श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक स्वर, बसत नाहीत म्हणून. महाराष्ट्रातल्या नाटक मंडळ्या, कीर्तनकार, भजनी मंडळं पेटीवर उभी असताना ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. श्रुतींचा मुद्दा खोटा नव्हता. पण जी पेटी गावच्या देवळात रोज वाजते, तिला सरकारी दारात उभं करायचं नाही, हा निव्वळ श्रुतींचा निर्णय नसतो.

इथे एक गोष्ट बोलली पाहिजे, जी अभिरुचीच्या चर्चेत सभ्यपणे टाळली जाते. ‘नावडतीचं मीठ अळणी’ म्हणतात ना, ते गाण्याला तंतोतंत लागू आहे. माणूस नावडता असला की त्याचं गाणं आपोआप बेसूर, भडक, गल्लाभरू ठरतं. १९४८ मध्ये मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, मग अटी घालून, शब्दांना कात्री लावून ती उठवली. कारण दिलं अश्लीलतेचं. पण तमाशा करणाऱ्या बाया-बापड्या कुठल्या जातींच्या आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. वाईच्या यमुनाबाईंना पद्मश्री मिळायला २०१२ उजाडलं, तेव्हा त्यांनी नव्वदी कधीच ओलांडली होती. सुलोचना चव्हाण यांना ती मिळाली २०२२ मध्ये, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. खड्या आवाजाची बैठकीची लावणी किती अवघड असते, अदा आणि लय एकाच वेळी सांभाळायला काय दमसास लागतो, हे गाणाऱ्यांना कायम ठाऊक होतं. आपल्याला कळायला साठ-सत्तर वर्षं लागली, कारण मीठ अळणी आहे असं आधीच ठरलेलं होतं.

याहून जवळचं उदाहरण प्रल्हाद शिंदे यांचं. आषाढी आली की महाराष्ट्रात त्यांचा आवाज ऐकू आला नाही असं गाव सापडणार नाही. आमच्या घरी एकादशीला पहाटे त्यांच्याच विठ्ठलगीतांची कॅसेट लागायची. हेच प्रल्हाद शिंदे कव्वाली गात होते, भीमगीतं गात होते. मागे एका वस्तीत १४ एप्रिलला रात्र रात्र त्यांच्याच आवाजात बाबासाहेबांची गाणी चालायची, आणि ती आमच्या घरात ‘त्यांची गाणी’ होती. आवाज तोच, फिरत तीच, काळजाला हात घालणारी ती तार सप्तकातली हाकही तीच. पहाटेची कॅसेट आमची आणि रात्रीचं गाणं त्यांचं. ही फाळणी मला वयाच्या तिशीपर्यंत दिसलीसुद्धा नाही, याची मला आज मनापासून खंत वाटते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक गावोगाव पायी फिरून गाणी रचत, गात राहिले. शाळेत न गेलेल्या बायकांना त्यांची गाणी तोंडपाठ होती, आजही आहेत. मराठी कवितेच्या इतिहासात एवढा गायला गेलेला कवी क्वचितच असेल. आणि आमच्या फर्माइशीच्या पोस्टकार्डांत ते कधीच नव्हते. मागायला आधी कानावर पडावं लागतं. आमच्या कानांनी तेवढी खिडकी लावून घेतली होती.

मग मिरवणुकांतल्या स्पीकरच्या भिंतींचं काय, असा प्रश्न लगेच येतो, आणि यायलाच हवा. मी त्या भिंतींच्या विरोधात आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्यांना मनाई आहे. छातीत धडधड होईल, म्हाताऱ्यांना घर सोडावं लागेल इतका आवाज कुणाच्याही मिरवणुकीत असू नये. पण हा आवाजाचा प्रश्न आहे, गाण्याचा नाही. गणपतीतला दणदणाट म्हणजे उत्साह आणि जयंतीतला म्हणजे धिंगाणा, असं बोलणारी माणसं मी रोज ऐकतो. डेसिबल मोजायचं यंत्र दोन्ही ठिकाणी सारखाच आकडा दाखवतं. ते यंत्र सगळीकडे न्यावं आणि अभिरुचीचा विषय त्यातून बाहेर ठेवावा.

आता पुन्हा त्या ‘तुमच्यासाठी’कडे येतो. तिथे मंत्री नाही, बंदी नाही, जातीची फाळणी करणारा शेजारही नाही. सगळं संगीत खुलं आहे. मग अडचण कुठे आहे?

माझे वडील गेले तेव्हाची गोष्ट. त्यांना नाट्यपदं फार प्रिय. ते गेल्यावर दोन-तीन महिने मी रात्री तीच पाच-सहा पदं लावून पडून राहायचो. मला ती ऐकायची होती असंही नाही, घरात त्यांचा काहीतरी आवाज हवा होता. अ‍ॅपने त्याची नोंद घेतली. पुढचं जवळजवळ वर्षभर ते मला तीच पदं, त्याच गायकांची, त्याच ठाशीव मांडणीची, पुन्हा पुन्हा पुढे करत राहिलं. मी बरा झालो होतो, मला बाहेर यायचं होतं. यंत्राला दुःख आणि आवड यातला फरक कळत नव्हता. त्याला एवढंच कळत होतं की हा माणूस हे गाणं शेवटपर्यंत ऐकतो.

ही काही बिघडलेल्या यंत्राची कथा नाही, ते यंत्र चालतंच असं. तुम्ही काय पूर्ण ऐकलं, काय मध्येच सोडलं, हे ते बघतं. तुमच्यासारखंच ऐकणाऱ्या आणखी लाखभर लोकांनी पुढे काय ऐकलं, हे बघतं. आणि त्यावरून तुम्हाला पुढचं गाणं देतं. म्हणजे तुमच्यासारखी माणसं तुम्हाला तुमच्यासारखीच गाणी देत राहतात. जतचा, निपाणीचा तो अनोळखी माणूस, ज्याची आवड तुमच्यासारखी मुळीच नाही, तो या व्यवस्थेत तुमच्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. आत्याला लावणी आवडण्याआधी पाच-सात वर्षं तिने ती निमूटपणे सहन केली होती. अ‍ॅपवर तिने पहिल्याच दिवशी बोटाने पुढे ढकलली असती, आणि ढकललेल्या गोष्टी अ‍ॅप पुन्हा आणत नाही.

अर्थव्यवहारही याच दिशेने ढकलतो. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं तरच ते ‘ऐकलं’ असं मोजलं जातं. त्यामुळे पहिल्या तीस सेकंदांत श्रोत्याला धरून ठेवणं हा रचनेचाच नियम होत चालला आहे. बासरीची किंवा सारंगीची सुरावट आधी येणार, ती मन तयार करणार, आणि मग शब्द उमटणार, ही मराठी भावगीताची चाल त्या हिशेबात तोट्याची ठरते. २०२४ पासून तर वर्षभरात हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला तिथे मानधनच मिळत नाही. हजार हा आकडा पंजाबी पॉपला काहीच नाही. पण खानदेशातल्या एखाद्या अहिराणी गाण्याला, कोकणातल्या दशावताराच्या ध्वनिमुद्रणाला, झाडीपट्टीतल्या एखाद्या नाट्यगीताला तो उंबरा आहे.

दुसरी बाजूही खरी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड या तरुणाचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये सिनेमाचा आधार नसताना जगभर वाजलं. जुन्या व्यवस्थेत त्याला आधी आकाशवाणीच्या स्वरचाचणीला बसावं लागलं असतं, आणि तो पास झाला असता का, कुणास ठाऊक. परदेशात असलेल्या मराठी माणसाला हवं ते गाणं क्षणात मिळतं. याआधी कॅसेटनेही हेच केलं होतं. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली नसती तर भीमगीतं, कोळीगीतं, जागरण-गोंधळ इतके लांब गेलेच नसते. दार उघडलं हे चांगलंच झालं. पण दार उघडं असणं आणि तिकडे कुणीतरी हाताला धरून नेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या वयाची माणसं इथे हमखास एक वाक्य टाकतात, ‘जुनी गाणी ती जुनी गाणी, आता तसं होत नाही.’ मी या वाक्याच्या बाजूचा नाही. पंधराव्या ते पंचविसाव्या वर्षी जे ऐकलं ते अंगात मुरतं, आणि पुढे आपण त्यालाच सुवर्णकाळ म्हणतो. नाट्यसंगीतात वाढलेल्यांना भावगीत पातळ वाटलं होतं. भावगीतात वाढलेल्यांना सिनेगीत. माझ्या मुलीचं मराठी रॅप मला सुरुवातीला नुसती बडबड वाटली. तिने शेजारी बसवून शब्द समजावून दिले, ओळीच्या मध्येच यमक कसं टाकलंय ते दाखवलं, तेव्हा मला आमच्या गावच्या भेदिक शाहिरीची सवाल-जवाबाची झटापट आठवली. पण तिला शेजारी बसून समजवावं लागलं. तिच्या कानात इअरफोन आणि माझ्या कानात माझे, असं असतं तर हे घडलंच नसतं. ‘भिन्नरुचिर्हि लोकः’ म्हणून आपण जिथे विषय संपवतो, तिथे खरं तर तो सुरू होतो. रुची भिन्न आहेत म्हणूनच त्यांची एकमेकींशी गाठ पडायला हवी.

तर काय मागायचं? पहिलं मागणं आकाशवाणीकडेच आहे. सांगली, परभणी, जळगाव, रत्नागिरी या केंद्रांचं मोल मुंबईचा किंवा दिल्लीचा कार्यक्रम सहक्षेपित करण्यात नाही, स्वतःच्या मुलखातल्या माणसांनी मागितलेलं आणि गायलेलं लावण्यात आहे. त्यांचे स्वतःचे तास कमी होऊ देता कामा नयेत, कर्मचारी नाहीत या सबबीखाली तर अजिबात नाही. इतक्या वर्षांत या केंद्रांवर लोकगायकांनी, भजनी मंडळांनी, कवींनी जे गायलं, ते आपल्या पैशांनी ध्वनिमुद्रित झालं आहे. ते पंचायतीच्या वाचनालयात बसून कुणालाही फुकट ऐकता यावं, आणि त्याला गाव, तालुका, गाणारा, रचणारा अशी नीट सूची असावी. गीतरामायण सुरू करायला पुणे केंद्राला कुणाची फर्माइश लागली नव्हती. तसं काही नवं सुरू करायची हिंमत केंद्रांनी पुन्हा करावी. त्यात चार प्रयोग फसले तर फसू द्यावेत.

दुसरं मागणं अ‍ॅप चालवणाऱ्यांकडे, आणि ते साधं आहे. रेडिओचा निवेदक गायकाबरोबर गीतकार आणि संगीतकार सांगायचा. १९४९ च्या ‘महल’मधल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी पात्राचं नाव, कामिनी, छापलेलं होतं. हा आवाज कुणाचा, असं श्रोत्यांनी विचारून भंडावलं आणि लता मंगेशकरांचं नाव लोकांपर्यंत गेलं. आज पडद्यावर गायकाचं नाव ठळक दिसतं, कवीचं शोधावं लागतं, आणि जुन्या मराठी गाण्यांत ते पुष्कळदा चुकीचं असतं. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांना मानधनाचा असा हक्क मिळाला, जो त्यांच्याकडून लिहूनही घेता येत नाही. ज्याला मानधनाचा हक्क आहे त्याचं नाव तरी दिसलं पाहिजे, ही सक्ती करायला सरकारला अवघड नाही. नावामुळे वाट फुटते. गायकावरून कवीकडे, कवीवरून दुसऱ्या चालीकडे माणूस जातो. ती वाट यंत्राने आखलेली नसते.

तिसरं कुणाकडे मागायचं नाही, ते आपलं आपणच करायचं आहे. पुण्यात आमच्या सोसायटीत गेले चौदा महिने दर दुसऱ्या शनिवारी रात्री आम्ही गच्चीवर जमतो. एका डब्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या. त्यातून सात निघतात. ज्याचं नाव निघेल त्याने एक गाणं लावायचं किंवा म्हणायचं, आणि ते का आणलं ते दोन वाक्यांत सांगायचं. गाणं अर्ध्यात बंद करायचं नाही, एवढा एकच नियम. चिठ्ठ्यांत घरकामाला येणाऱ्या मावशी आहेत, वॉचमनकाका आहेत, सातव्या मजल्यावरचे कोकणी बोलणारे मडगावचे जोडपं आहे. पहिले तीन-चार महिने सगळेजण सुरक्षित गाणी आणत होते, सर्वांना आवडतील अशी. मग मडगावच्या वहिनींनी मांडो, म्हणजे गोव्याकडचं जुनं गाणं, लावला आणि त्यांच्या आजीच्या लग्नातली गोष्ट सांगितली. त्यानंतर लोक धीट झाले.

गेल्या खेपेला वॉचमनकाकांची चिठ्ठी निघाली. ते बीडकडचे, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातले. त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला आणि आईकडून ऐकलेली जात्यावरची ओवी म्हटली. आवाज बसका, मध्ये दोनदा अडखळले. चौथ्या ओवीला आमच्याकडच्या मावशींनी मागून सूर धरला. त्या पुरंदर तालुक्यातल्या, पण त्यांच्याकडे तीच ओवी, फक्त भावाच्या गावाचं नाव वेगळं. दोघांमध्ये मग बराच वेळ चर्चा चालली, मूळ गाव कोणतं. पुढची चिठ्ठी अकरावीतल्या एका मुलाची होती. त्याने ठरवून आणलेलं गाणं खिशातच ठेवलं आणि काकांना विचारलं, पाचवी ओवी कशी आहे?